कुंपणाबाहेरची गाय

गोदानाला खरीच गाय द्यायची, हे आमच्या घरात मी ठरवलं. माझ्या भावानं, अण्णानं नाही, आईनंही नाही. घरातल्या ज्या एकाच माणसाचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता तिनं, म्हणजे मी.

अप्पा, म्हणजे माझे वडील, गेले तो वैशाख होता आणि मद्रासचे नळ कोरडे पडले होते. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. अण्णा नगरमधल्या आमच्या रस्त्यावर प्लास्टिकच्या कुडमांची, म्हणजे घागरींची, ही मोठी रांग असायची आणि तिच्यातून धोतर सावरत वाध्यारमामा रोज दिवसकार्याला यायचे. वाध्यारमामा म्हणजे आम्हा तंजावरकडच्या मराठी घरांचे भटजी. तिरुवल्लिक्केणीत दोन अंधाऱ्या खोल्यांत भाड्यानं राहायचे. आवाज मोठा, अंगात मात्र काही नाही. बाराव्याच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळं सामान सांगितलं आणि उठता उठता म्हणाले, "आणि गोदानाला एक नारळ."

"नारळ कशाला?" मी विचारलं.

"गाईच्या जागी. नारळावर संकल्प सोडायचा. मद्रासेत आता सगळे असंच करतात की."

मेलेला माणूस गाईचं शेपूट धरून वैतरणी नदी पार करतो, म्हणून ती गाय द्यायची. मला ती नदी मान्य नव्हती आणि शेपूटही. पण अप्पांनी जन्मात कधी ऑफिसची पेन्सिल घरी आणली नव्हती. त्यांच्या नावानं नारळ पुढे करून गाय म्हणायचं, याचा मला संताप आला. "करायचं तर खरं करा, नाहीतर करूच नका," मी म्हटलं. वाध्यारमामांनी आईकडे पाहिलं, आईनं अण्णाकडे. अण्णा दमलेला होता. दहा दिवस त्याला गिंडीच्या वर्कशॉपकडे फिरकता आलं नव्हतं. तो मुकाट्यानं उठला आणि आमच्या दूधवाल्याकडून एक गाय विकत घेऊन आला.

तांबूस रंगाची, डाव्या कानाला चीर गेलेली, गरीब गाय होती. अण्णानं तिचं शेपूट धरलं, पाणी सोडलं, शिंगांना हळद लावली आणि दोर वाध्यारमामांच्या हातात दिला. दान घेताना माणूस इतका कावराबावरा झालेला मी कधी पाहिला नव्हता. रस्त्यावर गेल्या गेल्या गाईनं कुणाच्या तरी कुडमात तोंड घातलं, ती बाई तमिळमधून वाध्यारमामांच्या सगळ्या पिढ्या उद्धरायला लागली आणि ते गाईला ओढत कोपऱ्यावर दिसेनासे झाले. दोन खोल्यांतल्या माणसानं गाय कुठे बांधायची, हे माझ्या मनातही आलं नाही. एक तरी गोष्ट खरी झाली, एवढं समाधान वाटलं.

मी तेव्हा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि उरलेल्या वेळात पीएचडी करायची. विषय ऐकून नातेवाईक हसायचे. कोरड्या गवताळ रानात गुरं चरली की मातीच्या आत राहणाऱ्या जीवांचं काय होतं, हा माझा विषय. शहराबाहेर शोळिंगनल्लूरला गावाचं चराऊ रान होतं. तेव्हा तिथे वाळू, ताडाची झाडं, खुरटं गवत आणि खारा वारा याशिवाय काही नव्हतं. पंचायतीच्या परवानगीनं मी त्या रानाचा छोटासा तुकडा काटेरी तारेनं बंद करून घेतला होता. आत गुरं नाहीत, बाहेर गुरं. आतली आणि बाहेरची माती न्यायची आणि तिच्यातले जीव मोजायचे.

मोजायची रीत साधी आहे. पत्र्याचं नरसाळं, त्यात जाळी, जाळीवर माती, वर पेटता बल्ब आणि खाली स्पिरिटची बाटली. ही नरसाळी मला अण्णानंच करून दिली होती. माती वरून तापत येते तसतसे आतले जीव उष्णता चुकवायला खाली सरकतात आणि शेवटी बाटलीत पडतात. आई एकदा भिंग लावून ते बघत बसली होती. मोहरीहून बारीक, सहाआठ पायांचे, पांढरे, तपकिरी. "वाचतात का गं ही?" तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "पावम," म्हणजे बिचारी, आणि भिंग पुसून ठेवून दिलं.

दोन वर्षांत चित्र स्पष्ट होत आलं होतं. बाहेरची जमीन खुरांनी तुडवून फरशीसारखी झालेली. दुपारी तिच्यावर हात ठेववत नसे. गवत मुळापर्यंत कुरतडलेलं, सावली नाही, पाचोळा नाही, आणि जाळीवर ठेवलेली माती बाटलीत जवळजवळ काहीच टाकायची नाही. आत गवत कमरेएवढं, खाली पाचोळ्याचा थर, माती भुसभुशीत आणि जीवांनी भरलेली. फक्त शेणकिडे बाहेर सापडायचे आणि आत नाहीत. ते साहजिकच होतं. पण ती गोष्ट मी तळटीपेत घालणार होते. माझं म्हणणं ठरलं होतं, चराई वाईट आणि कुंपण चांगलं. तिसऱ्या वर्षाचा उन्हाळा पार पडला की प्रबंध लिहायला घ्यायचा.

पोंगल झाल्यावर एकदा मी कुंपणाचं गेट लावून घेत होते, तर तारेपलीकडे चिरलेल्या कानाची गाय उभी.

ती दुसरी कुठली असेल असं मी स्वतःला सांगून पाहिलं. मग गावातल्या गुरं राखणाऱ्या बाईला विचारलं. ती लोकांच्या गाई सांभाळायची आणि शेण, दूध मिळेल ते घ्यायची. "शहरातल्या एका अय्यरनं आणून सोडली," ती तमिळमध्ये म्हणाली. "त्याच्या घरी जागा नाही म्हणाला. पाया पडला माझ्या, टीचरम्मा." तंजावरकडचे मराठी लोक तिच्या लेखी अय्यरच.

घरी येऊन मी जेवताना सांगितलं. आईचा चेहरा असा उजळला की मला पुढचं काही बोलता येईना. "अप्पांची गाय तुझ्यापाशी आली," ती म्हणाली. "बघ, तू मानत नाहीस तरी आली." त्या दिवसापासून दर अमावास्येला ती अगत्तीच्या, म्हणजे हादग्याच्या, पाल्याची जुडी माझ्या पिशवीत घालू लागली. अमावास्येला गाईला अगत्ती द्यायची ही तिथली रीत, आमच्या घरानं कधीची उचललेली. मी परत आले की विचारायची, "बरी आहे ना?"

"बरी आहे," मी सांगायची.

ती बरी नव्हती. त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. मासी महिन्यापर्यंत, म्हणजे माघ-फाल्गुनापर्यंत, बाहेर हिरवं म्हणावं असं काही उरलं नाही. गावाची गुरं आहेत तेवढीच होती, त्यात आमच्या घरानं एक भर घातली होती. तिची कंबरेची हाडं वर आली, मग बरगड्या. शहरातली गाय ती, रस्त्यावरची केळीची सालं आणि पोस्टर खाऊन वाढलेली. रानातल्या गुरांबरोबर लांब चरायला जाणं तिला जमत नसे. ती माझ्या कुंपणाशी येऊन उभी राहायची. तारेवरून मान आत घालून पोचेल तेवढं गवत खायची आणि पोचेनासं झालं की नुसती बघत राहायची. मी आत गुडघ्यावर बसून माती काढत असायची आणि मला तिचा श्वास ऐकू यायचा.

काहीच केलं नाही असं नाही. एकदा पेंढ्याचा भारा नेला, तो तिच्या आधी बाकीच्या गाईंनी संपवला. मग अण्णाला म्हटलं, आपण ती परत घेऊ आणि एखाद्या चांगल्या ठिकाणी ठेवू. अण्णा दचकला. "दिलेलं दान परत घ्यायचं? दत्तापहार होतो तो," तो म्हणाला. मी चिडून वाध्यारमामांना गाठलं. त्यांनी तर कानांवर हात ठेवले. गाय आमची राहिली नव्हती, त्यांना सांभाळता येत नव्हती आणि त्या बाईवर तिचा काही हक्क नव्हता. खऱ्या दानाचा हट्ट धरणाऱ्या बाईला दानाच्या नियमांतून सुटका मागायची वेळ आली होती, आणि यात हसण्यासारखं पुष्कळ आहे हे मला तेव्हाही कळत होतं.

उरलं ते गेट. ते माझ्या हातात होतं. माझे गाइड सज्जन माणूस, पण स्पष्ट बोलणारे. "उघडलंस तर तीन वर्षं पाण्यात," म्हणाले. मी स्वतःला म्हणायची, एवढा एक नमुना घेऊ आणि मग उघडू. तो घेतला की वाटायचं, आता एकच तर राहिला. असं करत करत मी पुन्हा वैशाख गाठला. मला गाईची दया येत नव्हती असं मुळीच नाही. दया येत होती, आणि तिच्यासकट मी गेटला कुलूप लावत होते. मला स्वतःचा राग येतो तो याचाच.

अप्पांचं वर्षश्राद्ध आलं. ब्राह्मण जेवून उठले तेव्हा आई म्हणाली, "पिंड त्या गाईलाच द्यायचे. मी येते." पिंड गाईला घालतात हे खरं, पण आईनं श्राद्धाचा उरलेला सगळा भात, वरण आणि खीर एका झाकणाच्या मोठ्या पातेल्यात भरली. दोन बस बदलत, पातेलं मांडीवर घेऊन आम्ही शोळिंगनल्लूरला पोचलो. एवीतेवी जातोच आहोत तर शेवटचा नमुनाही उरकून टाकू, म्हणून मी मातीच्या पिशव्या बरोबर घेतल्या होत्या.

गुरं राखणारी बाई बाकीच्या गाईंना घेऊन तळ्याकडे गेली होती. आमची गाय तेवढी कुंपणाशी होती. आईनं तिला पाहिलं आणि इतके महिने मी "बरी आहे" म्हणत होते त्याचा अर्थ तिला कळला. तिनं झाकण काढून पातेलं गाईपुढे ठेवलं आणि तिच्या गळ्यावरून हात फिरवत म्हणाली, "खा बाई, पोटभर खा."

मी आत माती काढत होते. गाय खाताना होणारा आवाज येत होता, चपचप, घाईचा. मान वर करून मी एकदा पाहिलं. पातेलं अर्धं झालं होतं आणि गाय थांबत नव्हती. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. आज तरी ती माझ्याकडे बघत नव्हती. कुणीतरी तिला खायला घालतंय, म्हणजे माझ्या गेटची आज गरज नाही, असं वाटून मी पुन्हा खाली वाकले आणि निवांतपणे पिशव्यांवर खुणा केल्या. पातेलं चाटूनपुसून स्वच्छ झालं होतं. परत येताना आई बसमध्ये झोपली.

दोनतीन दिवसांनी मी रानात मातीत लावलेला थर्मामीटर आणायला गेले तर गाय कुंपणाच्या सावलीत पडलेली होती. पोट ताठ, डोळे आत गेलेले, दात खात होती. मी जनावरांच्या डॉक्टरला घेऊन येईपर्यंत ती गेली होती. डॉक्टरनं काय खाल्लं होतं विचारलं, मी सांगितलं. तो म्हणाला, उपाशी गाईला एवढा शिजवलेला भात म्हणजे विषच. पोटात आंबतो, आम्ल होतं आणि पोटातले जंतू मरून जातात.

त्यानं मला हे सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या वर्षाच्या मुलींना गाईचं पोट मीच शिकवायची. फळ्यावर चार कप्पे काढायची आणि सांगायची की गवत गाय पचवत नाही, पोटातले कोट्यवधी सूक्ष्म जीव पचवतात. मातीसारखंच असतं ते, म्हणायची. सवयीचं खाणं एकदम बदललं की आधी ते जीव मरतात आणि मग जनावर. माझ्या मुलींना हे पाठ होतं. मी पाठ करून घेतलं होतं आणि अर्धं पातेलं संपलेलं पाहून मला बरं वाटलं होतं.

घरी आई तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "गाय गेली."

"कशानं?"

"भातानं," मी म्हटलं.

खरं तेच बोलायचं, ही माझी ऐट होती ना. आईचे हात ताटात थांबले. ती त्या तांदळांकडे बघत राहिली. आणि मला त्याच क्षणी उमगलं की मी भाताचं नाव इतक्या घाईनं का घेतलं. कुणी कुंपणाचं घेऊ नये म्हणून.

त्यानंतर आमच्या घरात पापावर हक्क सांगायला सगळे पुढे झाले. वाध्यारमामा येऊन म्हणाले, चूक माझी, ठेवायला जागा नसताना दान घेतलं. अण्णा म्हणाला, शेपूट मी धरलं होतं, मला विचारायला हवं होतं की तुम्ही ठेवणार कुठे. आईनं अमावास्येला भात खायचा सोडला. कुणी विचारलं तर उष्णता झाली म्हणायची. एकदा भांडी घासता घासता तिनं मला विचारलं, "अप्पा पोचले असतील का गं?" असली नदीच नसते, हे मी वर्षभरापूर्वी पटकन सांगून टाकलं असतं. आता जीभ उचलेना. खऱ्या गाईचा हट्ट माझा होता, तेव्हा नदी खोटी म्हणायचा अधिकार मी गमावला होता. "पोचले असतील," मी म्हटलं. ती माझ्याकडे न बघता पातेलं विसळत राहिली.

मी जाऊन गेट उघडलं. कुणासाठी, ते मला सांगता येणार नाही, कारण जिला उघडायचं ती उरली नव्हती. रानातल्या गाई आत शिरल्या आणि थोड्याच दिवसांत कमरेएवढं गवत खाऊन, तुडवून, शेण टाकून मोकळ्या झाल्या. आषाढात त्या बाईनं त्यांना दुसरीकडे हलवलं आणि गाइड म्हणाले, आता कुंपण पुन्हा बंद कर, नासलंच आहे तर पुढे काय होतं ते तरी बघू. ऐप्पसीचा, म्हणजे आश्विन-कार्तिकातला, पाऊस त्या वर्षी चांगला झाला. पावसानंतर मी माती आणली, नरसाळ्यात घातली आणि बल्ब लावले.

बाटल्या भरून गेल्या. आधीच्या कुठल्याही वर्षी आतल्या मातीनं दिले नव्हते इतके जीव खाली पडले. शेणकिड्यांनी शेण खाली नेलं होतं, जमिनीत भोकं पाडली होती, त्यांतून पाणी मुरलं होतं. माझं ते उभ्या उभ्या वाळून गेलेलं, सावली धरून बसलेलं जुनं गवत खुरांखाली मातीला टेकलं होतं आणि कुजलं होतं, खालून नवं फुटलं होतं. मी पुन्हा मोजलं. दुसऱ्या मातीवर पुन्हा केलं. गुरं कायमची असली की माती मरते, हे मला माहीत होतं. पण गुरं कायमची बाहेर ठेवली की मातीही हळूहळू बसून जाते, आणि थोडे दिवस चरू देऊन मग विसावा दिला तर ती सगळ्यांत जिवंत असते, निदान माझ्या त्या तुकड्यात तरी होती. गाइड इतके खूश झाले की त्यांनी मला कॉफी पाजली. प्रबंधात सगळ्यांत महत्त्वाचं प्रकरण तेच झालं.

म्हणजे गेट उघडायलाच हवं होतं. गाईसाठी आणि मातीसाठीही. ती तारेवरून मान घालून उभी होती तेव्हा तिला आत घेतलं असतं तर ती जगली असती आणि माझं काम सुधारलं असतं. मी जिच्यासाठी गाईला उपाशी ठेवलं, त्या मातीलाही गाय हवी होती. ज्या दिवशी ते आकडे पक्के झाले त्या दिवशी मी कॉफी अर्धीच टाकून उठले. संध्याकाळी घरी येऊन मी स्वयंपाकघरात आईपाशी बसले आणि सगळं सांगितलं. भातानं नाही आई, कुंपणानं गेली ती. तुझ्या हातचं पातेलं यायच्या कितीतरी आधी मी तिला मारायला घेतलं होतं, आणि मी मुद्दाम तुझ्या भाताचं नाव घेतलं.

आई अडईचं पीठ ढवळत होती, ती ढवळतच राहिली. मला वाटलं रडेल, किंवा मला रागावेल. रागावली असती तर मला हवंच होतं.

"माझ्या वेळेला नारळच द्या," ती शेवटी म्हणाली. "नारळाला चरायला लागत नाही."

"आई..."

"मी तंजावूरची आहे की. लहानपणी कावेरीच्या ऐन पुरात पोहलेली आहे. शेपूट कशाला मला? मी जाते पोहून." आणि मग तव्यावर पीठ पसरत म्हणाली, "तू उपाशी आहेस. जेव आता. सावकाश जेव."

या विषयावर ती पुन्हा कधी बोलली नाही. अमावास्येला भात मात्र शेवटपर्यंत खाल्ला नाही. माझं सांगणं तिनं ऐकून घेतलं, पण स्वतःचा वाटा काही तिनं सोडला नाही.

आई गेली तेव्हा नव्वदचं दशक अर्धं उलटलं होतं. वाध्यारमामांच्या जागी त्यांचा मुलगा यायचा. बाराव्याच्या आदल्या दिवशी त्यानं सामान सांगितलं आणि जरा चाचरत म्हणाला, "गोदानाला... तुमच्याकडे खरी गाय देतात असं बाबा सांगायचे." अण्णानं माझ्याकडे पाहिलं.

"नारळ," मी म्हटलं. "मी आणते."

कोपऱ्यावरच्या दुकानदारानं नेहमीसारखं विचारलं, "समैयलुक्का, सामिक्का?" स्वयंपाकाला की देवाला? मी म्हटलं, "माट्टुक्कु बदिला." गाईच्या ऐवजी. त्याला कळलं. त्यानं ढिगातला एक मोठा, सोलून गुळगुळीत केलेला नारळ काढून पुढे केला. मी तो परत ठेवला आणि स्वतः ढीग उपसायला लागले. दुकानदार कुरकुरला की सगळ्यांत पाणी आहे, सगळे ताजे आहेत. मला पाणी बघायचं नव्हतं. मी लांब शेंडीचा शोधत होते. आईला पोहता येत होतं, तरी धरायला काहीतरी असावं.